पाण्यावर तरंगणारा रणगाडा: पीटी-७६ खरंच लढाऊ होता का?

कासवगती

नमस्कार मंडळी,

मागच्या रविवारी लेकीला घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. सेंच्युरियन, पॅटन वगैरे पाहून झाल्यावर ती पीटी-७६ पुढे थांबली आणि म्हणाली, "बाबा, याचं नाक होडीसारखं का आहे?" मी म्हटलं, कारण हा पोहतो. तिचा विश्वासच बसेना. रणगाडा म्हणजे जड, आणि जड म्हणजे बुडणार, एवढा तिचा साधा हिशेब.

घरी येऊन वाचायला बसलो आणि मीच गोंधळलो. वजन साडेचौदा टनांच्या आसपास. चिलखत सगळ्यात जाड जागी २० मिमीच्या घरात. जड मशीनगनची गोळी बाजूने आत शिरू शकते. आत माणसं तीनच, म्हणजे कमांडर हाच गनर. तोफ ७६ मिमीची, ती हा रणगाडा १९५२ मध्ये सोव्हिएत सैन्यात आला तेव्हाही जुन्यात जमा होत होती.

तरीही हा जगभर गेला, व्हिएतनाममध्ये लढला, आणि आपल्याकडे १९७१ च्या पूर्व आघाडीवर त्याचं नाव झालं. मग प्रश्न असा, की हा रणगाडा चांगला होता, की त्याला मैदान सोयीचं मिळालं? जाणकारांनी लिहावं. लेकीच्या होडीवाल्या प्रश्नालाही नीट उत्तर हवं आहे.

---

सडेतोड

मैदान सोयीचं मिळालं, इतकंच. २० मिमी पत्रा म्हणजे चिलखत नव्हे. त्याच्यासमोर खरा रणगाडा आला की काय होतं ते व्हिएतनाममध्ये ३ मार्च १९६९ ला बेन हेतला दिसलं. अमेरिकन एम-४८ समोर आले आणि दोन पीटी-७६ तिथेच जळाले.

---

नदीकाठचा

सडेतोड, त्याच व्हिएतनाममध्ये ६-७ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री लांग वेईचा अमेरिकन तळ उत्तर व्हिएतनामच्या याच पीटी-७६ नी तुडवला होता, तेही लिहा की. तळावरच्यांना रणगाडे येतील अशी तयारीच नव्हती. जिथे रणगाडा येऊच शकत नाही असं समोरचा धरून चालतो, तिथे पत्र्याचा का होईना, रणगाडा पोचला की खेळ बदलतो. मला वाटतं या गाडीचं सगळं मर्म यातच आहे.

---

गणिती

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, तिला वहीत करून दाखवा.

वस्तू तरंगते तेव्हा ती स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. १४.६ टनांच्या गाडीने १४.६ घनमीटर गोडं पाणी बाजूला सारलं की ती तरंगणार. आता पीटी-७६ ला एक साधा खोका धरा. तोफ सोडून लांबी सुमारे ६.९ मीटर, रुंदी सुमारे ३.१ मीटर, म्हणजे तळ २१.४ चौरस मीटर. १४.६ भागिले २१.४ केलं की ०.६८ मीटर येतात. खोका एवढा पाण्यात बुडेल आणि थांबेल. खरी गाडी खोक्यासारखी नाही. नाक तिरपं आहे, खाली पट्ट्यांच्या मध्ये ती अरुंद होते, म्हणून प्रत्यक्षात ती याहून खोल बसते. पण तत्त्व तेच.

आता आपल्या फौजेतला अवजड रणगाडा टी-७२ घ्या. वजन ४१ टनांच्या वर, लांबी जवळपास तेवढीच, रुंदी ३.६ मीटर. तोच भागाकार केला तर १.६५ मीटर येतात. बुरूज सोडला तर त्याचा सांगाडाच तेवढा उंच नाही. म्हणजे पुरेसं पाणी बाजूला सरण्याआधीच पाणी छतावरून वाहणार. तो बुडणारच.

म्हणजे लेकीचा हिशेब अर्धा बरोबर आहे. नुसतं जड असून बुडत नाही, आकारमानाच्या मानाने जड असलं की बुडतं. पीटी-७६ आतून मुद्दाम मोकळा ठेवलेला आहे. जवळ उभं राहिलं की एवढ्या हलक्या गाडीचं धूड एवढं मोठं का, असं वाटतं ना? ते यासाठी.

---

कासवगती

गणिती, मनापासून आभार! लेकीने लगेच साबणाच्या डबीत नाणी टाकून प्रयोग केला. डबी किती खाली जाते ते पेन्सिलीने खुणा करून ठेवलंय.

---

चिलखत_२०

गणितींच्या हिशेबाला पुढे नेतो, कारण सडेतोड यांच्या आक्षेपाचं उत्तर त्यातच आहे.

१० मिमी जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे ७८ किलो भरतो. गाडीच्या अंगावर ४० चौरस मीटर पत्रा धरला, तर नुसती १० मिमी जाडी वाढवली की तीन टनांहून जास्त वजन वाढलं. तेवढ्याने गाडी पाण्यात आणखी पंधरा सेंटीमीटरच्या आसपास खाली जाते. आणि या गाडीचं छत पाण्याच्या वर फार नाहीच. पाण्यात जाताना पुढची फळी उभी करतात, ती नसेल तर नाकावरूनच पाणी चढायला लागतं.

लेनिनग्राडच्या कोतिन यांच्या रचना कार्यालयाला पातळ पत्र्याने काय होतं ते माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? याच लोकांनी केव्ही आणि आयएस मालिकेचे अवजड रणगाडे केले होते. त्यांनी समजून उमजून चिलखत सोडलं आणि नदी घेतली. समोरचा पत्रा ८० अंशांनी कलता ठेवला, म्हणजे जवळजवळ आडवाच, की पातळ असला तरी गोळी घसरून जावी. बाजूंना ती सोयही नाही.

---

सडेतोड

चिलखत सोडलं हे ठीक. पण ते सोडून जे मिळालं त्याची गरज किती वेळा पडते? नदी आली की अभियंत्यांनी पूल टाकावा, तराफे आणावेत. वर्षातले ३६५ दिवस पत्र्याच्या डब्यात माणसं बसवायची, ती एका दिवशी पोहता यावं म्हणून? आत बसणाऱ्याच्या घरच्यांना हा हिशेब सांगून बघा.

आणि टी-७२ पोहत नसला तरी नदी पार करतोच. स्नॉर्केलची नळी लावून तळावरून चालत जातो, पाच मीटर खोल पाण्यातूनसुद्धा.

---

निवृत्त_हवालदार

बरेच दिवस नुसता वाचत होतो, या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती विभागात होतो आणि ऐंशीच्या दशकात काही वर्षं याच गाड्यांवर काम केलं.

सडेतोड साहेब, तळावरून चालत जाणं आणि पोहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तळावरून जायचं तर तळ कसा आहे ते आधी कळलं पाहिजे. गाळ किती, दगड कुठे, खड्डा कुठे, हे सगळं आधी बघून घ्यावं लागतं. समोरचा काठ तर शत्रूच्या हातात असतो. पोहणाऱ्या गाडीला तळाशी देणंघेणंच नाही.

पण पोहणं फुकट मिळत नाही, तेही सांगतो. पाण्यात उतरण्याआधी तळाचे सगळे निचऱ्याचे बूच एकेक हाताने फिरवून बघायचे. झाकणांची रबरं पुसून ग्रीस लावायचं. पाणी उपसायचा पंप चालवून बघायचा, हातपंपही. पुढची फळी उभी करायची. ती उभी राहिली की ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही, म्हणून त्याचा मधला पेरिस्कोप वर उचलायचा. हे सगळं झाल्याशिवाय मी एकाही गाडीला "जा" म्हटलं नाही.

एकदा एका झाकणाचं रबर बाहेरून ठणठणीत दिसत होतं, पण दुमडलेल्या बाजूला चिरलं होतं. तलावात सराव चालू होता. मध्यापर्यंत जाता जाता ड्रायव्हरच्या घोट्याला गार लागलं. पोरगा नवा, पण घाबरला नाही. ओरडून सांगितलं, पंप चालू केला आणि गाडी तशीच काठाला घेतली. बाहेर आली तेव्हा आत वीतभर पाणी होतं. त्या दिवसापासून मी रबर नुसतं बघत नसे, नखाने दुमड उलगडून बघत असे.

---

मृण्मयी_लि

काका, अंगावर काटा आला. आणखी लिहा ना. पोहते म्हणजे नक्की कशाने? पट्टे फिरवून?

---

निवृत्त_हवालदार

नाही ताई. पट्टे फिरवून पोहणारी गाडी म्हणजे बीएमपी, पायदळाच्या जवानांना नेणारी चिलखती गाडी. पीटी-७६ ला मागे दोन हायड्रोजेट आहेत. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचं, नळीतल्या पंख्याने जोरात मागे फेकायचं. मागच्या बाजूला दोन गोल तोंडं दिसतात, त्यांना झडपा असतात.

वळवायची गंमत या झडपांत आहे. डावीकडे वळायचं तर डावी झडप बंद करायची. मग डावीकडचं पाणी मागे न जाता बाजूच्या भोकांतून पुढच्या दिशेला फेकलं जातं. उजवी बाजू पुढे ढकलते, डावी मागे ओढते, गाडी जागच्या जागी फिरते. दोन्ही बंद केल्या की गाडी मागे जाते. वल्हं मारणाऱ्याला हे लगेच कळेल.

वैरी म्हणजे पाणवनस्पती. जाळीवर शेवाळ नाहीतर वेल बसली की त्या बाजूचं पाणी कमी. ड्रायव्हर सरळ जायला बघतो आणि गाडी आपली त्या बाजूला कलत गोल फिरते. काठावरून बघणाऱ्यांना वाटतं, ड्रायव्हरला येत नाही. आम्हाला कळायचं की डावी जाळी बसली. दोर लावून ओढून काढलेल्या गाड्यांची तर गणतीच नाही. मग खाली सरपटून हाताने ते हिरवं काढायचं. त्याचा वास हाताला दोन दिवस राहायचा.

---

गणिती

काका, हे पुस्तकात मिळत नाही. भर म्हणून सांगतो, बीएमपी-२ पट्ट्यांनी ताशी ७ किमी जाते आणि पीटी-७६ जेटने १०. पट्टा पाण्यात अर्धा वेळ उलट्या दिशेनेच फिरत असतो, वरचा भाग पुढे आणि खालचा मागे, त्यामुळे ताकद वाया जाते. अर्थात बीएमपीला जेटचं वजन आणि जागा वाचते, आणि आत जवान बसवता येतात.

---

बखरवाला

शब्दाबद्दल एक विचारू का? 'उभयचर' म्हणजे बेडूक. रणगाड्याला उभयचर म्हटलं की मला तो चिलटं खाईल असं वाटतं.

---

मृण्मयी_लि

बखरवाला, बेडकाला दोन्हीकडे जगता येतं आणि दोन्हीकडे तो थोडा कमीच पडतो, जमिनीवर ससा नाही आणि पाण्यात मासा नाही. या गाडीला याहून चपखल शब्द नाही. राहू द्या.

---

इतिहासवेडी

मूळ प्रश्नाकडे येते. १९७१ चं नाव निघालंच आहे तर गरीबपूरबद्दल नीट लिहायला हवं.

युद्ध जाहीर व्हायच्या आधीची गोष्ट, २०-२१ नोव्हेंबर १९७१. बोयरा सीमेजवळ १४ पंजाबची पलटण आणि ४५ कॅव्हलरीचे १४ पीटी-७६ सीमेपलीकडे गरीबपूरला जाऊन बसले. वाटेत कबादक नदी. २१ च्या पहाटे दाट धुक्यात पाकिस्तानच्या बाजूने शॅफी हे अमेरिकन बनावटीचे हलके रणगाडे आणि पायदळ चालून आलं. लढाई संपली तेव्हा पाकिस्तानने १४ शॅफी गमावले होते. स्क्वॉड्रनचे कमांडर मेजर दलजितसिंग नारग यांनी दोन रणगाडे टिपले, आणि बुरुजातून अंग बाहेर काढून नेतृत्व करत असताना मशीनगनच्या माऱ्यात ते पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्यानंतर कॅप्टन बलरामसिंग मेहता यांनी स्क्वॉड्रन हातात घेतली आणि लढाई पुढे नेली. दुसऱ्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, त्याच भागावर आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठलं, ती बोयराची हवाई चकमक.

आता विचार करा. शॅफीच्या पुढच्या अंगाचं चिलखत २५ मिमीच्या घरात, बुरुजाला ३८. वजन १८ टनांच्या वर. तोफ ७५ मिमी. म्हणजे दोघांच्याही गोळ्याने दोघंही मरणार होते. चिलखताचा प्रश्नच उरला नव्हता. आधी कोण बघतो आणि आधी कोण मारतो, एवढंच उरलं होतं. आपले लोक जागा धरून बसले होते, ते चालून येत होते.

---

सडेतोड

इतिहासवेडी, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात! लढाई माणसांनी आणि जागेने जिंकली. त्या जागी दुसरा कुठलाही रणगाडा असता तरी तेच झालं असतं. शिवाय मेजर नारग यांना कमांडर आणि गनर अशी दोन्ही कामं करावी लागत होती. शॅफीत पाच माणसं, तिथे कमांडरला फक्त बघायचं आणि हुकूम द्यायचे. धुक्यात डोकं बाहेर काढून बघावं लागणं आणि परत आत जाऊन नेम धरणं, यात जीव जातो.

---

चिलखत_२०

तीन माणसांबद्दल सडेतोड यांच्याशी शंभर टक्के सहमत. या गाडीतली माझ्या मते सगळ्यात मोठी चूक पातळ पत्रा नव्हे, दोन माणसांचा बुरूज ही आहे. दुसऱ्या महायुद्धात टी-३४ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत हाच त्रास सोव्हिएतांनी सोसला होता आणि ८५ मिमी तोफेबरोबर बुरूज तीन माणसांचा केला होता. धडा मिळालेला होता, पण वजनापायी तो बाजूला ठेवला.

पण "दुसरा कुठलाही रणगाडा असता तरी" हे नाही पटलं. दुसरा रणगाडा तिथे असता कसा? अंधारात, चिखलातून, नदीपलीकडे?

---

नदीकाठचा

अगदी. आणि नुसती नदी नव्हे. पूर्व बंगालची जमीन आठवा. भातखाचरं, बिल म्हणजे पाणथळ तळी, नाले, रस्ते तेवढे बांधावरून उंच. बांध सोडला की चिखल. पीटी-७६ चा जमिनीवरचा दाब चौरस सेंटीमीटरला अर्धा किलोच्या आसपास, माणूस चालताना एका पायावर टाकतो त्याच्या जवळपास. टी-५५ चा ०.८ किलो. म्हणजे जिथे शेतकरी पायाने जाऊ शकतो तिथे ही गाडी बहुतेक जाते. समोरचा माणूस रस्ता रोखून बसलेला असतो आणि ही खाचरातून येते. सडेतोड म्हणतात पोहायची गरज एकाच दिवशी पडते. अहो, चिखलात चालायची गरज रोज पडते, आणि ज्या हलकेपणामुळे ती तरंगते त्याच हलकेपणामुळे ती चिखलात रुतत नाही. किंमत एकदाच मोजली, माल दोन मिळाले.

---

इतिहासवेडी

+१ नदीकाठचा. 'माल दोन' हे फार छान मांडलंत.

पण पोहण्याची दुसरी बाजूही सांगते, मेघनेची. ९ डिसेंबर १९७१ ला आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला. चौथ्या कोअरचे लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरनी जवान पलीकडे उतरवायला सुरुवात केली. रणगाडे मात्र पोहूनच जायचे होते. पूर्व आघाडीचे प्रमुख जनरल अरोरा यांनी नंतर सांगितलं आहे की हे रणगाडे अर्धा तास पोहल्यावर तापायचे आणि मेघना ओलांडायला तीन तास तरी लागणार होते. शेवटी देशी नावा आणून रणगाडे ओढत नेले. ते वाचताना मला भरून येतं. त्या नावा तिथल्याच लोकांच्या होत्या.

---

गणिती

थांबा, हे मला जुळत नाही. ताशी १० किमी वेगाने अर्ध्या तासात ५ किमी जायला हवं. मेघना तिथे कितीही रुंद धरली तरी तीन तास कसे लागतील?

---

निवृत्त_हवालदार

गणिती साहेब, ताशी १० हा आकडा कागदावरचा. नवी गाडी, स्थिर पाणी, पूर्ण जोर. वाहत्या नदीत तुम्ही समोर बघून निघता आणि प्रवाह तुम्हाला खाली नेतो. जिथे पोचाल तिथे काठ चढण्याजोगा असेलच असं नाही. मग प्रवाहाविरुद्ध वर यायचं, उतार शोधायचा. गाळाची बेटं आडवी आली तर वळसा. काठ चढताना तर पट्टे आणि जेट दोन्ही एकदम चालवावे लागतात. पट्ट्याला जमीन लागली आणि जेट बंद केला की मागचा भाग खाली बसतो आणि गाडी घसरते.

तापण्याबद्दल म्हणाल तर जमिनीवर इंजिनाला अधूनमधून दम मिळतो, उतार येतो, गिअर बदलतो. पाण्यात निघाल्यापासून पोचेपर्यंत ते एकसारखं राबतं. सोबत सगळी झाकणं बंद. आत बसून बघा एकदा, दहा मिनिटांत बनियन पिळून काढावा लागतो.

---

चिलखत_२०

इंजिनाचा मुद्दा आला म्हणून. या गाडीत २४० अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. टी-३४ मध्ये बारा सिलिंडरचं व्ही-२ होतं, त्याची एक ओळ घेऊन हे केलं. सुटे भाग, कारागिरांचा हात, सगळं ओळखीचं. जमिनीवर ताशी ४४ किमी धावायला ते पुरतं. बाकी चाकंसुद्धा पोकळ आहेत, तरंगायला तेवढीच मदत. मला ही गाडी आवडते ती अशा गोष्टींमुळे. प्रत्येक किलोचा विचार केलेला दिसतो.

---

ओंडका

समुद्रात चालेल का ही? खाऱ्या पाण्यात जास्त तरंगते ना?

---

गणिती

ओंडका, फरक फार थोडा. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड. १४.६ घनमीटरऐवजी १४.२४ पुरतात. माझ्या खोक्याच्या हिशेबात गाडी जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर वर येते. समुद्रात खरा प्रश्न लाटांचा.

---

इतिहासवेडी

लाटांचं सगळ्यात वाईट उदाहरण ६ जून १९४४ चं. नॉर्मंडीला शर्मन रणगाड्यांना कापडाचे उंच पडदे लावून पोहायला लावलं होतं. पडदा उभा केला की तोच होडीचा काठ. सरावात शांत पाण्यात जमत होतं. ओमाहा किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या ७४१ व्या टँक बटालियनचे २९ रणगाडे किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर पाण्यात सोडले. लाटा पडद्याच्या कुवतीबाहेरच्या. त्यातले २७ बुडाले.

एक गाडी जन्मतःच पोहणारी आणि एक पडदा लावून पोहवलेली, यातला फरक तिथे दिसला. पीटी-७६ ला पडदा नाही, फक्त पुढची फळी.

---

बखरवाला

२७... आत पाच-पाच माणसं. या धाग्यावर मघाशी बेडकाची थट्टा केली, आता वाचून गप्प बसलो.

---

सडेतोड

मी एक पाऊल मागे घेतो. नदीकाठचा यांचा चिखलाचा मुद्दा आणि काकांचा तळाचा मुद्दा मान्य. मी रणगाडा विरुद्ध रणगाडा एवढंच बघत होतो.

पण मग आजचं काय? आज खांद्यावरून सोडायची क्षेपणास्त्रं आहेत, वरून ड्रोन आहेत. आता हलका उभयचर रणगाडा करणं म्हणजे १९५२ ची चूक पुन्हा करणं नाही का? आपण 'जोरावर' नावाचा हलका रणगाडा करतोय त्याबद्दल विचारतोय.

---

नदीकाठचा

जोरावरची गरज वेगळ्या ठिकाणाहून आली. २०२० नंतर लडाखमध्ये टी-७२ आणि टी-९० चढवावे लागले. पलीकडे चीनचा टाइप-१५ हा हलका रणगाडा उभा. विरळ हवेत ४० टनांहून जड गाडी हाकायची, कमी वजन पेलणाऱ्या पुलांवरून न्यायची, हे सोपं नाही. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांचा जोरावर २५ टनांचा, तोफ १०५ मिमी. जुलै २०२४ मध्ये हजिऱ्याला दाखवला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाळवंटात चाचण्या झाल्या आणि डिसेंबरमध्ये ४२०० मीटरहून उंचावर तोफ डागून पाहिली. नाव जनरल जोरावरसिंग यांचं, ज्यांनी एकोणिसाव्या शतकात लडाख जिंकलं.

हलका रणगाडा उंचावर नेण्याची आपली परंपराही जुनी आहे. १ नोव्हेंबर १९४८ ला ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे काश्मीरमधल्या जोजिला खिंडीत चढले. समोरच्यांना तिथे रणगाडा येईल असं वाटलंच नव्हतं. लांग वेईचीच गोष्ट, फक्त वीस वर्षं आधी आणि डोंगरावर.

---

मृण्मयी_लि

पण लडाखला पोहायचं कशाला? उंची समजली, वजन समजलं. पाणी कुठे आहे?

---

निवृत्त_हवालदार

ताई, पाणी आहे. जून २०२४ च्या शेवटी रात्रीच्या सरावात श्योक नदी ओलांडताना अचानक पाणी वाढलं आणि टी-७२ अडकला. पाच जवान गेले. डोंगरातल्या नद्या बर्फ वितळलं की तासाभरात रूप बदलतात. पोहणारी गाडी तिथे वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. एवढ्या ओढीच्या पाण्यात तिलाही उतरवू नये. पण ज्याने पाण्यात गाड्या सोडल्या आहेत तो काठावर उभा राहून दोनदा विचार करतो. हे शिक्षण फौजेत राहिलं पाहिजे, गाडी कुठलीही असो.

---

कासवगती

काका, त्या पाच जणांना नमस्कार.

सगळा धागा लेकीला वाचून दाखवला, समजेल तेवढा. मलाही माझ्या प्रश्नातली चूक कळली. "चांगला की नशीबवान" असं विचारताना मी हा रणगाडा पॅटनशेजारी उभा करून मोजत होतो, कारण संग्रहालयात तो शेजारीच उभा होता. शॅफीशेजारी, आणि बांधाखालच्या खाचरात उभा करून बघायला हवा होता. दोन माणसांच्या बुरुजाबद्दल मात्र मी सडेतोड आणि चिलखत यांच्या बाजूचा. मेजर नारग यांच्याबद्दल वाचल्यावर तो आराखडा नुसता आराखडा वाटत नाही.

लेकीचे दोन प्रश्न उरलेत. पाण्यात असताना तोफ डागता येते का? आणि मागची ती गोल तोंडं आम्ही पाहिलीच नाहीत, ती नक्की कुठे असतात?

---

निवृत्त_हवालदार

तिला सांगा, डागता येते. पण डागली की गाडी डुलते, आणि पुन्हा नेम धरायला डुलणं थांबायची वाट बघावी लागते. पाण्यातून नेम साधणारा गनर म्हणजे गनरच.

आणि तोंडं अगदी मागे, उभ्या पत्र्यावर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. बहुतेक लोक समोरून फोटो काढतात आणि निघून जातात. पुढच्या वेळी मागे जाऊन वाकून बघा.

---

कासवगती

पुढच्या रविवारी परत जातोय. साबणाची डबी पण घेऊन येणार म्हणते, खऱ्या गाडीशेजारी ठेवून फोटो काढायचाय तिला.